भाड्याची गाडी : वर्ग कोणाचा आणि बढती कोणाची?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे ‘गाडी केली’ असे म्हणतात. ‘गाडी भाड्याने घेतली’ असे सहसा कोणी म्हणत नाही. लग्नाला गाडी केली, पेशंटला पुण्याला न्यायला गाडी केली, देवाला जायला गाडी केली. या एका ‘केली’मध्ये गाडीबरोबर ड्रायव्हर, डिझेल, वाटेतला चहा आणि रात्री उशिरा का होईना पण सर्वांना घरी आणून सोडण्याची हमी एवढे सगळे गृहीत असते. अमेरिका-युरोपात भाड्याची गाडी म्हणजे मुख्यतः ग्राहकाच्या हाती दिलेली चावी. तो स्वतः चालवतो, स्वतः तेल भरतो आणि ठरल्या जागी नेऊन उभी करतो. हा फरक आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे. कारण गाड्यांचे ‘वर्ग’ आणि वरच्या वर्गात मिळणारी बढती, म्हणजे ज्याला आता सगळेच ‘अपग्रेड’ म्हणतात, या दोन्ही कल्पना तिकडच्या चावीवाल्या धंद्यात रूढ झाल्या आणि आपल्याकडच्या ‘गाडी केली’वाल्या धंद्यात आल्यावर त्यांचा अर्थ पुष्कळच ढिला झाला. त्या ढिलाईचा फायदा कोणाला होतो आणि भुर्दंड कोणाला बसतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विषयाचा अभ्यास करायला आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यासारखा (२०२४ पर्यंत अहमदनगर, आणि बोलताना अजूनही ‘नगर’च) दुसरा जिल्हा शोधून सापडणार नाही. कारण अर्थातच शिर्डी. साईबाबांच्या हयातीत, म्हणजे १९१८ पर्यंत, लांबचे भक्त कोपरगाव स्टेशनावर उतरत आणि टांगा करून शिर्डीला येत. भाड्याच्या वाहनाचा हा धंदा तेव्हापासूनचा आहे. गंमत अशी की, त्याच १९१८ साली अमेरिकेत शिकागो शहरी वॉल्टर जेकब्स नावाच्या तरुणाने फोर्डच्या थोड्या गाड्या घेऊन मोटारी भाड्याने देण्याचा उद्योग सुरू केला. १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्झ यांनी विकत घेतला आणि पुढे हर्ट्झ हे नाव जगभर झाले. इकडे टांग्याची जागा जीपने घेतली. साईनगर शिर्डी हे रेल्वे स्टेशन २००९ साली झाले, काकडीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. यांपैकी रेल्वे आणि विमान या दोहोंनी आणलेला प्रवासी गाडीविना उतरतो, आणि त्याला शिर्डीनंतर बहुधा शनिशिंगणापूरला जायचे असते. ते अंतर सुमारे ७० किलोमीटर. एवढ्या एका फेरीवर आपल्या राहाता, राहुरी, नेवासा भागातील कितीतरी घरे चालतात.

आता वर्ग. स्टँडवर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला ‘कोणत्या वर्गाची गाडी?’ असे विचारले तर तो आपल्याकडे पाहात राहील. तो विचारतो, ‘डिझायर पाहिजे, अर्टिगा पाहिजे की इनोव्हा?’ आपल्याकडे वर्गाला नाव नसते, मॉडेललाच वर्गाचा मान असतो. आणि हा मान कायम टिकत नाही. टाटांची सुमो १९९४ साली आली. (पुष्कळांना वाटते तसा जपानी पैलवानांशी या नावाचा संबंध नाही. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून ते ठेवले होते.) तेव्हा कमांडर आणि ट्रॅक्स यांच्या जमान्यात वऱ्हाडात सुमो असणे म्हणजे मुलीकडच्यांनी काही कमी केले नाही असे समजत. २००० मध्ये टोयोटाची क्वालिस आली आणि सुमो एक पायरी खाली उतरली. २००५ मध्ये क्वालिस बंद होऊन इनोव्हा आली. २०१२ मध्ये मारुतीची अर्टिगा आली आणि सात माणसांच्या गाडीचे दोन दर झाले. २०१६ मध्ये इनोव्हाची क्रिस्टा झाली. सुमोचे उत्पादन २०१९ साली थांबले. गाडी तीच, पत्रा तोच, पण पंचवीस वर्षांत वरातीच्या पुढची गाडी ती बाजारच्या दिवशी शेवाळलेल्या टपावर कोथिंबिरीच्या जुड्या वाहणारी गाडी, एवढा तिचा प्रवास झाला. म्हणजे वर्ग हा गाडीच्या अंगचा गुण नव्हे. शेजारी कोणती गाडी उभी आहे त्यावर तो ठरतो.

एस. टी.शी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी आपल्याच नगर-पुणे मार्गावर धावली, हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान. एस. टी.तही वर्ग आहेत. साधी लाल गाडी, तिच्यावर निमआराम (दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर आलेल्या गाड्यांमुळे जुनी माणसे तिला अजून ‘एशियाड’ म्हणतात), मग २०१७ मध्ये आलेली शिवशाही, आणि सर्वांत वर २००२ पासूनची शिवनेरी. पण या शिडीचा मालक एकच आहे. कोणती पायरी कोणत्या पायरीच्या वर हे महामंडळ ठरवते, भाडे कोष्टकात असते आणि तिकिटावर छापून येते. खाजगी भाड्याच्या गाडीत शिडीला मालकच नाही. खरे सांगायचे तर तिथे एक शिडी नसून चार-पाच शिड्या एकमेकींना टेकून उभ्या आहेत.

पहिली शिडी कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ हा डोकी मोजतो. ड्रायव्हर सोडून सहापर्यंत उतारू नेणारी भाड्याची गाडी म्हणजे मोटारकॅब. सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत उतारू नेणारी म्हणजे मॅक्सीकॅब. या हिशेबाने वॅगनार, डिझायर, अर्टिगा आणि सात आसनांची इनोव्हा या चारही गाड्या एकाच वर्गातल्या ठरतात. उलट इनोव्हाच आठ आसनांची असेल तर तिची जात बदलते, ती मॅक्सीकॅब होते. बाजारात ज्यांच्या भाड्यात जवळजवळ दुपटीचे अंतर असू शकते त्या गाड्या कायद्याला भावंडे वाटतात, आणि ज्या दोन इनोव्हा रंगासकट सारख्या दिसतात त्यांना तो वेगळे काढतो.

दुसरी शिडी टोलनाक्याची. तिथे कार, जीप आणि व्हॅन यांचा एकच दर आहे. तिसरी शिडी कराची, आणि ती सर्वांत चमत्कारिक. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. त्यानंतर कंपन्या फूटपट्टी घेऊन बसल्या. २००८ साली आलेली डिझायर चार मीटरपेक्षा लांब होती. २०१२ मध्ये तिची मागची बाजू आखडून ती ३९९५ मिलिमीटरवर आणली. पाच मिलिमीटर सोडून दिले, एवढीच काय ती उदारता. आपण जिला ऐटीत ‘सेडान’ म्हणतो तिची ती आखूड डिक्की सौंदर्यदृष्टीने घडलेली नाही, करकोष्टकाने घडवलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे जे नवे दर लागू झाले त्यांतही ही चार मीटरची रेघ राहिलीच. छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के. अर्टिगा या रेघेच्या पलीकडे आहे. म्हणजे कायदा आणि टोलनाका ज्या दोन गाड्यांना एक समजतात, त्यांच्यात कर खाते सरळ भिंत घालते.

चौथी शिडी परदेशी भाडेकंपन्यांची. त्यांनी आपापसांत चार अक्षरांचा एक संकेत ठरवला आहे. पहिले अक्षर गाडीचा आकार व दर्जा सांगते : एम म्हणजे मिनी, ई म्हणजे इकॉनॉमी, सी म्हणजे कॉम्पॅक्ट, पुढे इंटरमीजिएट, स्टँडर्ड, फुलसाइझ, प्रीमियम, लक्झरी असे चढत जाते. दुसरे अक्षर बांधणी सांगते, तिसरे गिअर हाताचा की आपोआपचा ते, आणि चौथे इंधन व वातानुकूलन. बढतीचा काटेकोर अर्थ तिथे सापडतो. ग्राहकाने ज्या अक्षराचे पैसे दिले त्याच्या वरच्या अक्षराची गाडी, जादा पैसे न घेता देणे म्हणजे अपग्रेड. पैसे घेऊन दिली तर ती विक्री झाली. हा भेद तिथले ग्राहकही कधी कधी विसरतात. खिडकीतला माणूस हसून ‘थोडेसेच जादा’ म्हणतो आणि ग्राहक बढती मिळाल्याच्या आनंदात सही करून मोकळा होतो.

पण याच संकेताबरोबर एक शब्द येतो, ‘किंवा तत्सम’. कंपनी मॉडेलचे वचन देत नाही, वर्गाचे देते. चित्रात एक गाडी असते, हाती दुसरी पडते, आणि पहिले अक्षर तेच असेल तर तक्रारीला जागा नसते. तिथे हे चालते, कारण ‘तत्सम’ कशाला म्हणायचे हे त्या अक्षराने बांधलेले आहे. आपल्याकडे अक्षर आलेच नाही, ‘तत्सम’ मात्र आले. मोबाइलवर जे कोटेशन येते त्यात ‘इनोव्हा / सिमिलर’ असे लिहिलेले असते. आमच्या घरात असा मजकूर वाचण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि वर्षभरात निरनिराळ्या लग्नकार्यांच्या व दवाखान्याच्या निमित्ताने आलेली अशी जी सात-आठ कोटेशने मी वाचली, त्यांपैकी एकातही सिमिलर म्हणजे काय याचा खुलासा नव्हता.

त्यामुळे होते असे की, गाडी बदलताना भाडेवाला त्याच्या सोयीची शिडी निवडतो. इनोव्हा ठरली होती आणि दारात अर्टिगा आली तर तो म्हणतो, ‘तीपण सेव्हन सीटरच आहे की.’ म्हणजे त्या वेळी तो कायद्याच्या शिडीवर उभा असतो. सेडान ठरली होती आणि अर्टिगा आली तर तोच म्हणतो, ‘तुम्हाला वरची गाडी दिली, किलोमीटरमागे तीन रुपये तेवढे वाढवून द्या.’ आता तो बाजाराच्या शिडीवर चढला. दोन्ही वेळा त्याचे म्हणणे खोटे नसते, आणि वादात ग्राहक हरतो तो इथेच.

आकडे मांडून पाहू. हे दर हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. समजा सेडानला किलोमीटरला १३ रुपये, अर्टिगाला १६ आणि इनोव्हाला २० रुपये आहेत. नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर, जाऊन-येऊन २४०. पण बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरण्याची रीत आहे. तेव्हा सेडानचे ३९००, अर्टिगाचे ४८०० आणि इनोव्हाचे ६००० रुपये होतात. इनोव्हाच्या ठिकाणी अर्टिगा आली आणि भाडे तेच राहिले तर १२०० रुपये, म्हणजे दिलेल्या पैशाचा पाचवा हिस्सा, पाण्यात गेला. सेडानऐवजी अर्टिगा देऊन तीन रुपये वाढवले तर ९०० रुपये जादा. आणि त्या ९०० पैकी १८० रुपये गाडी जी ६० किलोमीटर धावलीच नाही तिचे आहेत. ज्या घरात दोन माणसे रोजाने कांदे भरायला जातात, तिथे हा फरक किरकोळ म्हणता येत नाही.

पैशापेक्षाही अवघड गोष्ट बसण्याची. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या आजींना घरी आणायचे असते म्हणून माणसे मुद्दाम इनोव्हा ठरवतात. क्रिस्टाच्या मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असतील तर पाय लांब करता येतो. अर्टिगात मधला बाक सलग आणि मागची रांग गुडघे छातीशी घेऊन बसण्याची. घरची चार-पाच माणसे बरोबर असतील तर कोणीतरी मागे कोंबले जाते आणि आजींचा पाय अवघडतो तो अवघडतोच. ‘सेव्हन सीटर’ हा शब्द खरा ठरला, पण गाडी ज्यासाठी केली ते काम झाले नाही.

सामानाची गोष्ट याहून गमतीची. डिझायरची डिक्की सुमारे ३८० लिटरची, वॅगनारची ३४१ लिटरची. कागदावर डिझायर वरचढ. पण भाड्याच्या डिझायरमध्ये बहुतेक वेळा सीएनजीची टाकी बसवलेली असते, आणि ती डिक्कीत असते. मग राहिलेल्या जागेत दोन पिशव्या आणि चपलांचा जोड. अशा वेळी पेट्रोलवर चालणारी साधी वॅगनार सामानापुरती वरच्या वर्गातली ठरते. अर्टिगात तिसरी रांग उघडी ठेवली तर मागे २०९ लिटर उरतात. तिथेही सीएनजीची टाकी असेल तर बॅगा टपावरच्या कॅरियरवर जातात. आपण दाखवण्यापुरते वर चढतो आणि बॅगा पावसात भिजतात.

गाडी मोठी मिळाली म्हणून ती सगळ्यांनाच वरची वाटेल असेही नाही. परदेशात स्वतः गाडी चालवणाऱ्याला छोटीऐवजी थोराड गाडी दिली तर तेल त्याच्या खिशातले जळते आणि अरुंद गल्लीत ती उभी करताना घाम त्याला फुटतो. कंपनीने ती उपकार म्हणून दिलेली असते असेही नव्हे. तिथे छोट्या, स्वस्त वर्गाची मागणी जास्त; त्या संपल्या की मोठी देण्यावाचून गत्यंतर नसते. टंचाई खालच्या वर्गात, म्हणून बढती. शिर्डीत नेमके उलटे आहे. आपली माणसे चार-दोन येत नाहीत, सहा-सात येतात, आत्या-मावशीसह येतात. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा, वर्षअखेर, आणि शनिवारी अमावास्या आली की शिंगणापूरची गर्दी, या दिवसांत सात आसनी गाड्यांचीच ओढाताण होते. टंचाई वरच्या वर्गात, म्हणून आपल्याकडे बढतीपेक्षा उतरणच जास्त पाहायला मिळते; फक्त तिला कोणी त्या नावाने हाक मारीत नाही.

यात गाडीमालकाचीही एक बाजू आहे, आणि ती सोडून लिहिणे न्यायाचे होणार नाही. आपल्याकडचा गाडीमालक म्हणजे पुष्कळदा एका गाडीचा मालक आणि तोच तिचा ड्रायव्हर. गिऱ्हाईक डिझायरला नाही म्हणू लागले की तो ती विकून हप्त्यावर अर्टिगा घेतो. त्याची ही बढती बँकेच्या कागदावर होते. सीझनला त्याच्या गाडीला तीन मागण्या एकाच दिवशी येतात, आणि आषाढात ती आठवडाभर लिंबाखाली उभी असते, पण हप्त्याची तारीख चुकत नाही. मधला बुकिंगवाला आपला वाटा काढून उरलेले त्याच्या हातावर ठेवतो. ग्राहकाला इनोव्हा सांगून अर्टिगा पाठवण्याचा निर्णय बहुधा या मधल्याचाच असतो. शिव्या मात्र दारात उभा असलेला ड्रायव्हर खातो.

आता ज्या एका ‘बढती’पासून खरोखर जपले पाहिजे तिच्याविषयी. कधी कधी ठरलेली पिवळ्या पाटीची अर्टिगा येत नाही आणि तिच्याऐवजी पांढऱ्या पाटीची, चकचकीत, नव्या कव्हरांची मोठी गाडी येते. घरची मंडळी खूश होतात. टॅक्सीत बसल्यासारखे दिसत नाही, पाहुण्यांत मान राहतो. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याने उतारू नेण्याचा परवाना असलेली गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेली. त्यासाठी १९८९ ची ‘रेंट अ कॅब’ योजना आहे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी, घरच्या वापराची गाडी, आणि ती भाड्याने फिरवणे बेकायदा आहे. पिवळ्या पाटीच्या गाडीला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी गाडीला पहिली १५ वर्षे त्याची गरज नसते. मुख्य म्हणजे खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याने केलेला वापर बसत नाही. अपघात झाला आणि गाडी भाड्याने चालली होती हे सिद्ध झाले, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते. मग भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या त्या ज्याच्या घरातला माणूस गेला त्याने. बाजाराच्या शिडीवर ही गाडी दोन पायऱ्या वर दिसते. कायद्याच्या शिडीवर ती मुळी उभीच नाही.

मला वाटते, गाडी ठरवताना भावाची घासाघीस आपण जरूर करतो, पण शब्दांची करत नाही. ‘इनोव्हा’ एवढेच न म्हणता सात आसनी की आठ, मधली रांग सुट्या खुर्च्यांची की बाकाची, डिक्कीत टाकी आहे का, पाटी पिवळी आहे ना, किमान किलोमीटर किती, आणि ठरलेली गाडी न आल्यास कोणती गाडी कोणत्या दराने येईल, हे आगाऊ पैसे पाठवण्यापूर्वी त्याच मोबाइलवर लिहून मागता येते. लिहून दिलेले मोडले तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा आयोगापुढे मांडता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही. मी हल्ली कोटेशनला उत्तर पाठवताना ‘सिमिलर म्हणजे कोणती?’ असा एकच प्रश्न आधी लिहिते. काहींचे उत्तर येत नाही. ज्यांचे येते, त्यांच्याशी पुढचे बोलणे करते.